विलायती म्हणून खपवलेले वहिनींचे खेळ

यंदाच्या थंडीत आमच्या गोल्फ मैदानाच्या कमिटीनं मला मानद सभासद करायचं ठरवलं. सचिव स्वतः पेढे घेऊन घरी आले. दर रविवारी आमच्याकडे जे गमतीचे खेळ होतात, ज्यांच्यासाठी नागपुरातून आणि कामठीहून माणसं भल्या सकाळी स्वेटर-मफलर गुंडाळून येतात, ते खेळ मी विलायतेतून शोधून आणले, त्याबद्दल हा मान. चहापाण्याच्या खोलीत माझा फोटोही लागणार होता. सचिव बराच वेळ बोलत होते. मी त्यांना फाटकापर्यंत सोडून आलो आणि तोवर माझ्या तोंडून एक शब्दही निघाला नाही.

ते खेळ मी आणलेले नाहीत. विलायतेतून तर नाहीतच. ते माझ्या मित्राच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, आपल्या डोक्यानं काढले. मला हे माहीत होतं, वहिनींना माहीत होतं आणि त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या डॉक्टर मित्राला, माहीत होतं. डॉक्टर आता राहिले नाहीत. ते होते तोवर वहिनी त्यांच्या सभासदत्वावर खेळत. ते गेल्यावर नियमाप्रमाणे वहिनींची परवानगी संपली. साठीपुढच्या माणसाला नव्यानं सभासद करून घेत नाहीत. उरतं ते मानद सभासदत्व, आणि ते वर्षाला एकालाच मिळतं. म्हणजे वहिनींना त्या मैदानावर परत आणणारी जी एकच जागा होती, ती कमिटी पेढ्यांसकट माझ्या हातात देत होती.

आता मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. जे झालं ते मी लिहून ठेवतो.

आमचं मैदान कामठीच्या अलीकडे आहे. नऊ होल्सचं, कडेनं बाभळी, मधून एक कोरडा नाला. गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गालिच्यासारखी हिरवळ येते. आमच्याकडे तसं काही नाही. उन्हाळ्यात नागपूरच्या माणसालाच पाणी पुरत नाही, तिथं गवताला कोण पाजणार? म्हणून आमच्या होलभोवती तेल मिसळून दाबलेल्या वाळूचा गोल असतो. त्याला सगळे ब्राउन म्हणतात. त्या वाळूवर पावलं उठतात, कुत्री लोळून जातात, म्हणून चेंडू होलमध्ये ढकलण्याआधी आडवी पट्टी लावलेला दांडा ओढून चेंडूपासून होलपर्यंतची वाट सपाट करून घ्यायची. दांडा ब्राउनच्या कडेला पडलेलाच असतो. ज्याचा चेंडू, त्यानं आपली वाट करायची, अशी पहिल्यापासूनची पद्धत.

आणि तिथंच भांडणं व्हायची. दांडा जरा दाबून ओढला की वाळूत बारीक नाली पडते आणि चेंडू त्या नालीतून आपोआप होलपर्यंत जातो. आमच्यात ट्रॅक्टरच्या एजन्सीचा एक मालक आहे, घरची शेतीही मोठी. त्याच्यावर हा आरोप दर रविवारी व्हायचा.

"काय बे, वाट करून राहिला की पाट खोदून राहिला?" कोणीतरी म्हणायचं.

"माह्या वावरात पाट खोदीन. इथं काहून खोदू?" तो दांडा टाकून द्यायचा आणि पुढच्या दोन होलपर्यंत कोणाशी बोलायचा नाही.

मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात इंजिनियर म्हणून उभी नोकरी काढली, निवृत्त झाल्यावर नागपुरात घर केलं आणि डॉक्टरांच्या नादानं या खेळाला लागलो. माझा खेळ तेव्हाही वाईट होता, आताही वाईट आहे. पण त्या काळात आमचा रविवारच मुळी वाईट जायचा. प्रत्येक जण आपापले फटके मोजत, मान खाली घालून, आपापल्यावर चिडत फिरायचा. ज्याचा चांगला खेळ झाला तो एकटा खूश. बाकीचे तर्री-पोहे खाऊन गुपचूप गाडीत बसायचे.

डॉक्टरांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्यांना चालायला सांगितलं, जोर लावायला मनाई केली. ते ऐकणार नाहीत म्हणून वहिनी सोबत येऊ लागल्या. हातात पाण्याची बाटली, खांद्यावर डॉक्टरांचं स्वेटर. वहिनी मूळच्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. नागपुरात शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. पहिले काही रविवार त्या नुसत्या पाहत चालल्या. मग एक दिवस डॉक्टरांच्या पिशवीतली काठी काढून त्यांनी चेंडू मारला. क्लबला आम्ही काठीच म्हणतो. चेंडू फूटभर गेला, माती मात्र बरीच उडाली. दुसरा मारला तो बाभळीत. तिसरा असा गेला की आम्ही चौघं वळून पाहत राहिलो.

"अरे बाप्पा," वहिनीच म्हणाल्या, "हे तं येते मले."

त्या शिकल्या. पण शिकता शिकता त्यांचं लक्ष खेळापेक्षा खेळणाऱ्यांवर जास्त होतं. मला वाटतं, वर्गात चाळीस पोरं सांभाळलेल्या बाईला कोण का रुसलंय हे बसल्या जागेवरून कळतं. एकदा परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, "भाऊजी, ट्रॅक्टरवाल्यांचा पहिला फटका किती लांब जाते! अन् तुमचा किती सरळ जाते. हे लांब मारू शकत नाहीत, पण वाळूवर यांचा हात पाहा. तुम्ही चौघं मिळून एकच चेंडू काहून नाही खेळत?"

डॉक्टर म्हणाले, "चौघांनी एक चेंडू कसा मारायचा?"

"चौघंही मारा. ज्याचा चांगला पडला तिथं चौघंही जा. तिथून पुन्हा चौघंही मारा. बाकीचे चेंडू उचलून घ्या. कोणाचा फटका वाया गेला तं गेला, दुसऱ्याचा आहेच ना."

मी काही वर्षं गोल्फ खेळत होतो. असं काही खेळता येतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आता मला ठाऊक आहे की जगात इतरत्रही लोक असं खेळतात. पण वहिनींना ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना चार रुसलेली माणसं दिसली आणि त्यांनी त्यावर उपाय काढला.

पुढच्या रविवारी आम्ही आठ जण जमलो तेव्हा मी त्यांना म्हटलं, सांगा वहिनी. त्यांनी सांगितलं. ट्रॅक्टरवाल्यानं चेंडू खिशात टाकला.

"लगोरी खेळाची का मंग? की विटीदांडू?"

सचिव तेव्हा नुकतेच सचिव झाले होते. ते सभ्यपणे म्हणाले, "वहिनी, कल्पना छान आहे हो. पण हा गोल्फ नाही."

वहिनींनी डॉक्टरांचं स्वेटर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मला फार वाईट वाटलं आणि त्या भरात मी म्हणालो, "अहो, विलायतेत हेच खेळतात. मी वाचलंय. मोठमोठ्या क्लबांत खेळतात."

मी काहीही वाचलेलं नव्हतं.

"असं का?" सचिव लगेच म्हणाले. "मग पाहू या खेळून."

ट्रॅक्टरवाल्यानं चेंडू खिशातून बाहेर काढला.

त्या दिवशी आम्ही जे हसलो, तसे त्या मैदानावर कधी हसलो नव्हतो. ट्रॅक्टरवाल्याचा लांब फटका, माझा सरळ फटका, डॉक्टरांचा वाळूवरचा हात, असं करत आमच्या टोळीनं होलमागून होल घेतले. एका होलला तर आम्हा तिघांचेही फटके वाया गेले आणि वहिनींचा घसरत गेलेला चेंडूच सगळ्यात पुढं निघाला. ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना वाकून नमस्कार केला. परतताना गाडीत वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, खरंच खेळतात का तिकडे?"

"खेळतही असतील," मी म्हणालो.

त्या इतक्या हसल्या की डॉक्टरांना गाडी बाजूला घ्यावी लागली. त्या दिवशी ती आमची तिघांची गंमत होती. हे मी माझ्या बचावासाठी लिहीत नाही. सुरुवात कशी झाली ते कळावं म्हणून लिहितो.

मग पायंडाच पडला. आठवडाभरात वहिनींना काहीतरी सुचायचं, त्या मला सांगायच्या आणि रविवारी मी जाहीर करायचो, "आज एक विलायती प्रकार खेळू." त्यांच्या खेळांची खुबी अशी की प्रत्येक खेळ कोणासाठी तरी काढलेला असायचा, आणि ज्याच्यासाठी काढलेला असायचा त्याला ते कधी कळायचं नाही. आमच्यात एक निवृत्त पोस्टमास्तर होते. बायको गेल्यापासून ते फार बोलत नसत, आणि कधी जिंकतही नसत. त्यांचा चेंडू लांब जायचा नाही, पण जवळून फार नेमका पडायचा. वहिनींनी खेळ काढला की प्रत्येक होलला तीन गुण. ब्राउनवर जो आधी पोचेल त्याला एक, सगळे पोचल्यावर ज्याचा चेंडू होलच्या जवळ असेल त्याला एक, आणि जो आधी आत टाकेल त्याला एक. मधला गुण प्रत्येक वेळी पोस्टमास्तरांना. त्या दिवशी ते पोहे खाताना प्रत्येकाला आपला चौथ्या होलचा फटका पुन्हा सांगत होते आणि आम्ही सगळे पुन्हा ऐकत होतो.

दुसऱ्या एका खेळात आपली काठी आपण निवडायची नाही, समोरच्यानं पिशवीतून काढून द्यायची. त्यात माणसाचा स्वभाव उघडा पडतो. सचिव नेहमी योग्य काठी द्यायचे, कारण चुकीची काठी देणं त्यांच्यानं व्हायचंच नाही. ट्रॅक्टरवाला लांबच्या फटक्याला सगळ्यात आखूड काठी द्यायचा आणि वर विचारायचा, "काय गा इंजिनियर, मोठं वाटून राहिलं का मैदान?"

ओरडायच्या खेळाची तर अजून आठवण काढतात. गोल्फमध्ये समोरचा फटका मारत असताना श्वासही जपून घ्यायचा असतो. वहिनींच्या खेळात प्रत्येकाला दिवसभरात दोनदा, समोरचा काठी वर नेत असताना ओरडायची मुभा. दोनदाच. पहिल्या होलला मी ओरडलो, दुसऱ्याला पुन्हा ओरडलो आणि माझं संपलं. ट्रॅक्टरवाला मात्र गप्प. सगळ्यांना ठाऊक की याच्याकडे दोन्ही शिल्लक आहेत. सचिव काठी वर न्यायचे आणि मध्येच थांबून मागं पाहायचे.

"मी काही म्हटलं का?" तो विचारायचा. "खेळा साहेब, खेळा. मी आपला हवा खाऊन राहिलो."

शेवटच्या होलपर्यंत तो एकदाही ओरडला नाही आणि सचिवांचा एकही फटका धड पडला नाही.

पण मला विचाराल तर सगळ्यात सुंदर खेळ सुताचा. वहिनी माहेराहून किनारीचं तांबडं सूत घेऊन आल्या होत्या. प्रत्येकाला त्यांनी हातानं मापून तुकडा दिला. ज्याचा खेळ कच्चा, त्याला जास्त सूत. नियम असा की चेंडू वाईट जागी पडला, बाभळीखाली, खड्ड्यात, किंवा होलच्या तोंडाशी येऊन थांबला, तर सूत लावून तेवढं अंतर तो सरकवायचा आणि तेवढं सूत कापून टाकायचं. फटका धरायचा नाही. सूत संपलं की संपलं. डॉक्टरांनी पहिल्याच होलला बाभळीतून चेंडू काढायला निम्मं सूत उडवून टाकलं आणि मजेत राहिले. मी जपून जपून वापरलं आणि खेळ संपला तेव्हा माझ्याकडे हातभर शिल्लक.

वहिनी म्हणाल्या, "आता काय करता याचं भाऊजी? घरी नेऊन गोधडी शिवता का?"

मी कसा जगलो हे त्या बाईनं एका वाक्यात सांगितलं, असं मला त्या वेळी वाटलं. पण तो विषय वेगळा.

ब्राउनवरच्या भांडणाचा बंदोबस्तही त्यांनीच केला. एका रविवारी नालीवरून पुन्हा जुंपली. त्या वेळी वहिनींनी मला कडेला घेऊन सांगितलं आणि मी मोठ्यानं जाहीर केलं की आजपासून आपली वाट आपण करायची नाही. समोरच्यानं करून द्यायची. पहिल्या दिवशी माणसं एकमेकांची वाट करताना ढेकळं ठेवून गेली. पण ज्यानं ढेकूळ ठेवलं, त्याच्या चेंडूपुढं पुढच्या ब्राउनवर दोन ढेकळं. चारेक रविवारांत सगळे शहाणे झाले. आता आमच्याकडे कोणी नवा माणूस आला आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यानं वाकून, मन लावून त्याच्यासाठी वाळू सारखी केली, की तो माणूस चकित होतो.

आता वाईट भाग सांगतो.

एका वार्षिक जेवणाच्या वेळी सचिवांनी भाषण केलं. आमच्या इंजिनियरसाहेबांच्या दांडग्या वाचनामुळे मैदानाला जीव आला, असं म्हणून त्यांनी मला पुढं बोलावलं आणि शाल-श्रीफळ दिलं. मला आधी कल्पना नव्हती. पण खुर्चीतून उठून त्यांच्यापर्यंत जायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात खरं काय ते बोलता आलं असतं. मी शाल घेतली. नारळ घेतला. फोटो काढणारा म्हणाला, साहेब, नारळ जरा वर धरा. मी वर धरला. समोर वहिनी टाळ्या वाजवत होत्या. शेजारी डॉक्टर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

त्यानंतर वहिनींनी मला एकही खेळ सांगितला नाही. त्या येत राहिल्या, खेळत राहिल्या, माझ्याशी पूर्वीसारख्या बोलत राहिल्या. मी दोन-तीन प्रकार स्वतः काढले. ते फार वाईट होते.

मग एका रविवारी सचिवांनी मोबाइल पुढं केला. "हे पाहा, इंजिनियरसाहेब म्हणत होते ते अगदी खरं. सुताचा खेळ, तीन गुणांचा खेळ, चौघांच्या एका चेंडूचा, सगळे आहेत इथं." खरंच होते. कुठल्या कुठल्या देशांतले लोक ते खेळत होते, चित्रं होती, नावं होती. माझी थाप खरी निघाली. सगळे माझ्याकडे कौतुकानं पाहत होते आणि मी वहिनींकडे पाहिलं. त्या मोबाइलमधलं चित्र नीट निरखत होत्या. "यांचं सूत पांढरं आहे," एवढंच त्या म्हणाल्या. कुठल्या तरी दूरच्या माणसाला आणि उमरेडच्या बाईला एकच गोष्ट वेगवेगळी सुचू शकते, हे तिथं उठून सांगायला हवं होतं.

पुढं डॉक्टर गेले. वहिनींचं येणं थांबलं. त्यांना पाहुणी म्हणून आणता आलं असतं. मी एकदा विचारलंही. "पाहुणी?" त्या म्हणाल्या, आणि विषय बदलला.

सचिव पेढे देऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. फाटकावर डॉक्टरांची पाटी अजून आहे. वहिनींनी चहा केला. मी कमिटीचं सांगितलं, माझं सांगितलं, शालीपासून सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये थांबवलं नाही.

"शाल घेतली तेव्हा मले राग नाही आला भाऊजी," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, आता बोलतील, आता बोलतील. तुम्ही नारळच वर धरून राहिले. घरी आल्यावर हे म्हणाले, उद्या मी बोलतो त्याच्याशी. मीच नाही म्हटलं. म्हटलं, भाऊजीले आपण होऊन बोलू द्या."

"वहिनी, मला तेव्हा..."

"अन् ते विलायती काय लावलं होतं? सूत उमरेडचं, वाळू इथली, डोकं मायं. विलायत कुठून आली त्यात?"

"पहिल्या दिवशी तुम्हीही हसला होता," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं.

"हसले ना. एक दिवस हसले. तुम्ही तं सालोसाल हसवून राहिले."

मी चहा संपवला. अंगणात कोपऱ्यात फुटलेल्या कुंड्यांचे तुकडे पडले होते आणि भिंतीशी डॉक्टरांची काठी टेकवलेली होती. माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली.

"मले खेळाचं आहे भाऊजी," त्या म्हणाल्या. "इथं अंगणात किती मारू? शेजारच्या बाई बोलून राहिल्या आता. पण तुम्ही सचिवाच्या कानात सांगून मले मेंबर करून आणाल तं मी येणार नाही. सगळ्याईसमोर सांगा. ज्यांच्यासमोर शाल घेतली त्यांच्यासमोर."

कमिटीची बैठक रविवारच्या खेळानंतर मैदानावरच्या खोलीत झाली. मी सचिवांना विनंती केली की बैठक बंद खोलीत नको, सगळ्यांनाच बसू द्या. पोह्यांच्या प्लेटी हातात घेऊन लोक दाटीवाटीनं उभे राहिले. मी सांगितलं. खेळ माझे नाहीत, मी काही वाचलेलं नव्हतं, सगळे खेळ वहिनींचे, मानद सभासदत्व त्यांचं आहे.

टाळ्या पडल्या. सचिव म्हणाले, "हा साहेबांचा मोठेपणा."

मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले. कोणीतरी म्हणालं, मैत्रीखातर माणूस किती करतो पाहा. सचिवांनी मोबाइल काढला. "साहेब, अहो हे सगळं इथं आहे की! वहिनींनी कसं काढलं असेल?" माझ्याच थापेनं मला अडवलं होतं. खरं सांगूनही मी खोटा ठरत होतो आणि वहिनींची जागा पुन्हा माझ्याच पदरात पडत होती.

मग मला सुचलं. मी म्हणालो, "त्यात वाळूची वाट समोरच्यानं करून द्यायची, हा नियम कुठं आहे ते दाखवा."

सचिव बोटानं वर-खाली करत राहिले. मी म्हणालो, "सापडणार नाही. चित्रं पाहा. त्यांच्याकडे गवत आहे. सपाट करायला वाळूच नाही, दांडा नाही, नाली नाही, भांडण नाही. हा नियम मी विलायतेचा म्हणून सांगितला आणि तुम्ही सगळ्यांनी ऐकला. विलायतेत तो असूच शकत नाही. तो इथं उभं राहून आपल्याला पाहणाऱ्या माणसानं काढला."

सचिवांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

मागून ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?" मी विचारलं.

"वहिनीचं आहे म्हणून. तिनं तुले कडेला नेऊन सांगितलं, अन् तू इकडे येऊन तेच बोलला. मी काय आंधळा आहे का?"

"मग इतकी वर्षं बोलला काहून नाही गा?"

"तू काहून नाही बोलला?"

तो प्लेट ठेवून पुढं आला. "मलेही बरंच वाटत होतं म्हणा," तो सगळ्यांना म्हणाला. "बाईनं काढलेला खेळ म्हटलं असतं तं मीच खेळलो नसतो. पहिल्या दिवशी चेंडू खिशात टाकला होता मी." मग त्यानं हात वर केला. पोस्टमास्तरांनी केला. एकेक करून सगळ्यांनी केला. सचिवांनी शेवटी केला, पण सरळ केला.

पुढच्या रविवारी वहिनी आल्या. कोणी आणायला गेलं नव्हतं. कामठीच्या ऑटोतून, डॉक्टरांची पिशवी मांडीवर घेऊन त्या फाटकाशी उतरल्या. थंडी होती, मैदानावर धूर पसरल्यासारखं धुकं होतं. मला वाटलं, सगळ्यांसमोर त्या मला काही बोलतील. त्यांनी फक्त विचारलं, "सांगितलं?" मी म्हणालो, "सांगितलं." त्यांनी मान डोलावली आणि हातमोजा चढवला.

पहिल्या होलवर सगळे जमले. कोणीतरी विचारलं, "आज कोणता खेळ?" आणि सवयीनं सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी वहिनींकडे पाहिलं. मग बाकीचेही पाहू लागले.

"आज साधंच खेळू," वहिनी म्हणाल्या. "ज्याचा त्याचा चेंडू, ज्याचे त्याचे फटके. मी कशी खेळते ते मले पाहाचं आहे."

त्यांचा पहिला फटका बाभळीत गेला. दुसऱ्यात चेंडू बाहेर आला. नाल्याच्या काठी अडकला, तिथून निघाला. प्रत्येक फटक्यानंतर त्या आकडा मोठ्यानं म्हणत होत्या, आणि बाकीचे आपला खेळ सोडून ऐकत होते. ब्राउनवर सचिवांनी दांडा उचलला आणि गुडघे वाकवून त्यांची वाट करून दिली. चेंडू होलच्या कडेशी जाऊन थांबला. वहिनींनी तो हलकेच आत ढकलला.

"सहा धरू या वहिनी," सचिव म्हणाले. "शेवटचा तर आतच होता जवळजवळ."

"सात," वहिनी म्हणाल्या. "सातही मीच मारले आहेत. लिहा."